मोडलं कुणी, दुरुस्त करायचं कुणी?

तर झालं असं, की २०२५ च्या मे महिन्यात सुट्टीला नाशिकला घरी गेले आणि बॅग ठेवायच्या आतच आईने माझ्या हातात एक फुलस्केप कागद दिला. कागदावर एक ते अकरा आकडे, प्रत्येकापुढे एक तक्रार, आणि सगळ्यात खाली दोन रेघा मारून बेरीज : अडतीस हजार रुपये.

"याची एक कडक नोटीस लिहून दे. तू सिव्हिलला आहेस ना?"

सिव्हिलचा आणि नोटिशीचा संबंध काय, हे विचारायची ती वेळ नव्हती. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आईच्या नावावर एक वन बीएचके फ्लॅट आहे. त्यात तीन मुलं भाड्याने राहत होती, तिघंही इंजिनिअरिंगची. म्हणजे थोडक्यात तुम्ही-आम्हीच! आपल्याकडेही टीईला गेलं की मेसला कंटाळून चारजण मिळून फ्लॅट घेतातच. त्यामुळे हा कागद वाचताना माझी जरा पंचाईत झाली. घर आईचं, पण यादीत जे लिहिलं होतं ते सगळं मी आमच्या मैत्रिणींच्या फ्लॅटवर रोज बघत होते.

मुलांचं डिपॉझिट होतं पंचवीस हजार. आईचा हिशोब सरळ होता : डिपॉझिट ठेवून घ्यायचं आणि वरचे तेरा हजार मागायचे. त्या आठवड्यात या विषयावर मी जे शिकले ते इथे लिहितेय, कारण आज ना उद्या आपल्यातल्या प्रत्येकाला अशी नोटीस येणार आहे किंवा द्यावी लागणार आहे.

आधी बघा, मग लिहा

बाबांचे एक मित्र वकील आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, हे सगळं तुम्ही स्वतः बघितलंय की ऐकलंय?" आईने अर्धं बघितलं होतं, अर्धं खालच्या काकूंनी सांगितलं होतं.

मग आम्ही जायचं ठरवलं. पण घर आपलं म्हणून किल्ली लावून आत शिरता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये मालकाला जागा पाहण्याचा हक्क दिलाय, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. आईने मुलांना फोन केला, रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. बरोबर प्लंबर घेतला. मी टेप, वही आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन. व्हायव्हाला जाताना येतं तसं टेन्शन मला आलं होतं. मुलांची तोंडं तर बघण्यासारखी होती.

ओल कुठून येते?

यादीतला एक नंबरचा मुद्दा : बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती. काकूंच्या छताला परातीएवढा डाग पडला होता. आईचं म्हणणं, मुलांनी बाथरूम खराब केलं. मुलांचं म्हणणं, बिल्डिंगच जुनी आहे.

इथे सिव्हिल खरंच कामाला आलं. बाथरूमची गळती साधारण दोन ठिकाणांहून होते. एक, येणाऱ्या पाण्याची पाइप. दोन, जाणाऱ्या पाण्याची वाट, म्हणजे नहाणी ट्रॅप, टाइल्सचे सांधे, खालचं वॉटरप्रूफिंग. येणाऱ्या पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो, त्यामुळे ती फुटली तर पाणी सतत झिरपतं, कुणी आंघोळ करो न करो. ट्रॅप किंवा वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर वापर झाला की ओल वाढते, बाथरूम बंद राहिलं की कमी होते.

काकूंना विचारलं, "मुलं सुट्टीत गावाला गेली होती तेव्हा डाग सुकला का?" त्या म्हणाल्या, "छे गं, आठ दिवस घर बंद होतं, तरी थेंब थेंब चालूच!" म्हणजे पाइप. बाथरूमला जाणारा कॉक बंद ठेवला, तर दुसऱ्या दिवशी थेंब थांबले. मग प्लंबरने भिंतीवरचा टॉवेल रॉड काढला. त्याच्या मागे, टाइलमध्ये एक भोक आणि त्यावर एम-सीलचा गोळा. रॉड बसवताना कुणीतरी ड्रिल मारलं होतं ते थेट आतल्या पाइपमध्ये गेलं होतं.

एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आम्हाला वाटलं एम-सील लावलं की झालं."

आता हे लक्षात घ्या. वॉटरप्रूफिंग गेलं असतं तर तो खर्च आईचा. ड्रिलचं भोक असेल तर मुलांचा. छतावरचा डाग दोन्हीकडे सारखाच दिसतो! नोटीस डागावर लिहिता येत नाही, कारणावर लिहावी लागते. आणि कारण माहीत नसताना लिहिली तर समोरचा "बिल्डिंग जुनी आहे" म्हणून मोकळा होतो.

झीज आणि नुकसान

घरी आल्यावर वकीलकाकांनी आम्हाला १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातलं कलम १०८ समजावलं. त्यातला एक भाग जणू आमच्यासाठीच लिहिलाय. भाडेकरूने जागा घेताना होती तशी नीट ठेवायची आणि सोडताना तशीच परत करायची. अपवाद दोन : रास्त वापराने होणारी झीज, आणि जिच्यापुढे माणसाचा इलाज चालत नाही अशी आपत्ती. मालकाने योग्य वेळी येऊन पाहणी करावी, दोष दिसला तर तशी नोटीस द्यावी. दोष भाडेकरूच्या किंवा त्याच्या माणसांच्या कृतीमुळे अथवा चुकीमुळे झाला असेल, तर नोटिशीनंतर तीन महिन्यांच्या आत तो दुरुस्त करून देणं भाडेकरूवर बंधनकारक आहे.

मात्र हे कलम करारात काही वेगळं ठरलं नसेल तेव्हासाठी आहे, आणि ते भाडेपट्ट्याला लागू होतं. आपण मुलं घेतो ते बहुतेक वेळा अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असतं. तिथे पहिला आधार म्हणजे तुमचा करारनामा. पण बहुतेक करारनाम्यांत हेच तत्त्व लिहिलेलं असतं : झीज सोडून बाकीचं नुकसान राहणाऱ्याने भरून द्यायचं. आईचा करारनामा काढून बघितला, त्यात सातव्या मुद्द्यात हेच होतं. आईने सही केली होती, वाचलं नव्हतं!

मग आम्ही अकरा मुद्दे समोर घेऊन बसलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : मुलं नीट वागली असती तरी हे झालं असतं का?

हॉलचा रंग फिका पडला. झालाच असता. ओट्यामागच्या टाइल्सचे सांधे पिवळे पडले. फोडणी दिली की पडणारच. नळाचा वॉशर गेला, पंखा घरघर करतो. वस्तू वापरली की झिजते. हे चार मुद्दे कटाप.

बेडरूमच्या भिंतीला ओल. ती बाहेरच्या बाजूची भिंत, प्लास्टरला तडा, आणि ओल येते ती पावसाळ्यात. याच्याशी मुलांचा काही संबंध नाही. उलट ती दुरुस्ती आमच्याकडे. हाही कटाप.

इथे आई चिडली. "तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या फ्लॅटच्या भाड्यातून माझी हॉस्टेलची फी जाते. मग मी म्हटलं, "आई, यातले पाच मुद्दे खोटे निघाले तर खरे पाचही कुणी मानणार नाही." वकीलकाका फक्त हसले.

उरले सहा. त्यातला एक वादाचा : हॉलमध्ये पोस्टर चिकटवलेल्या टेपने रंगाचे पापुद्रे निघाले होते. हे मुलांनीच केलेलं, पण आईने त्यासाठी पूर्ण हॉल रंगवायचे चौदा हजार लावले होते. रंग चार वर्षांपूर्वीचा. रंगाचं आयुष्य पाच वर्षं धरलं तर तो पुढच्या वर्षी आम्हाला काढावाच लागणार होता. नव्या रंगाचे पैसे मुलांकडून घेणं म्हणजे आपला खर्च त्यांच्या खिशातून करणं. आईने स्वतःच तो मुद्दा खोडला. मी तिला तेवढ्यात चहा करून दिला.

राहिले पाच : पाइपचं भोक, काकूंच्या छताचा डाग, खिडकीची फुटलेली काच, तडा गेलेलं वॉश बेसिन आणि बंद पडलेला गिझर.

नोटीस लिहायची कशी

माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं. शाळेत लीव्ह अॅप्लिकेशन लिहून हात बसलाय, पण नोटीस मराठीतच हवी असं आईचं म्हणणं होतं. "सही मी करणार, मला कळायला नको?" म्हणून मी पेपरातल्या जाहीर नोटिसा बघून पहिला मसुदा लिहिला : "सदरहू इसमांनी सदर मिळकतीमध्ये..." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वकीलकाका म्हणाले, "साधं लिही. कोण, कुठे, काय, कशामुळे, कधीपर्यंत. एवढं पुरे." शेवटी गेली ती नोटीस साधारण अशी :

*दिनांक २ जून २०२५*

*प्रति, (करारनाम्यात नावं असलेले तिघेही)*

*विषय : फ्लॅटमधील नुकसानीची दुरुस्ती करून देण्याबाबत*

*आपण दिनांक १ सप्टेंबर २०२४ च्या करारनाम्यानुसार माझ्या फ्लॅटमध्ये राहत आहात. रविवारी २५ मे रोजी आपल्याला आधी कळवून मी फ्लॅटची पाहणी केली. तेव्हा आपण हजर होता. पाहणीत पुढील नुकसान दिसले :*

*१. बाथरूमच्या डाव्या भिंतीत टॉवेल रॉडसाठी पाडलेल्या भोकामुळे आतील पाइप फुटली आहे.*
*२. त्यामुळे खालच्या फ्लॅटच्या छताला डाग पडून रंग खराब झाला आहे.*
*३. हॉलच्या खिडकीची एक काच फुटली आहे.*
*४. वॉश बेसिनला तडा गेला आहे.*
*५. गिझर बंद आहे.*

*करारनाम्यातील मुद्दा क्रमांक ७ नुसार ही दुरुस्ती आपण करून द्यायची आहे. पाण्याची गळती असल्याने मुद्दा १ ची दुरुस्ती ९ जूनपर्यंत आणि बाकीची ३० जूनपर्यंत करावी. कामाच्या आधी मला कळवावे. या मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मी ती करून घेईन आणि झालेला प्रत्यक्ष खर्च पावत्या दाखवून डिपॉझिटमधून वळता करीन. यातील कोणताही मुद्दा मान्य नसल्यास १० जूनपर्यंत लेखी कळवावे.*

*सोबत : फोटो सात, प्लंबरचे अंदाजपत्रक एक.*

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगते.

मुदत सगळ्याला एकच दिली नाही. कायद्यात तीन महिने असले तरी पाणी तीन महिने थांबत नाही, तेवढ्यात काकूंच्या स्लॅबमधलं लोखंड गंजायला लागेल. पाइपला सात दिवस, काचेला महिना.

धमकी नाही. "पाणी तोडीन, लाइट बंद करीन" असं आईच्या पहिल्या कागदावर होतं. १९९९ च्या अधिनियमात भाडेकरूचं पाणी-वीज योग्य कारणाशिवाय तोडायला मनाई आहे. रागात लिहिलेलं असं एक वाक्य उद्या तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं.

शेवटचं वाक्य, "मान्य नसल्यास लेखी कळवावे", हे सगळ्यात महत्त्वाचं. का, ते पुढे येतंच.

नोटीस हातात दिली तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट सही घ्यायची, म्हणजे पोच. सही द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवायची आणि पावती जपायची. व्हॉट्सअॅपवर फोटो जरूर पाठवा, पण सही केलेला कागद तो कागदच.

उत्तर आलं

चौथ्या दिवशी मुलांचं उत्तर आलं. वहीच्या पानावर, तिघांच्या सह्यांसकट. पहिले चार मुद्दे मान्य. पाचव्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं : "गिझर आम्ही आलो तेव्हापासून बंद आहे. काकू, तुम्हाला ७ सप्टेंबरला मेसेज केला होता." सोबत मेसेजची प्रिंट.

आईने मोबाइल काढला. मेसेज होता. निळ्या दोन खुणा पण होत्या. त्या आठवड्यात गणपती होते, आईने वाचला आणि विसरली. तीन मुलांनी अख्खी थंडी गॅसवर पाणी तापवून काढली आणि त्याच गिझरचे पैसे आम्ही त्यांच्याकडे मागत होतो.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक फोन करायचा ना पोरांनी."

मला वाटतं, फोन नाही, त्यांनीही नोटीस द्यायला हवी होती. कारण १९९९ च्याच अधिनियमातलं कलम १४ दुसऱ्या बाजूने आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. भाडेकरूने लेखी नोटीस दिल्यावर किमान पंधरा दिवसांच्या रास्त मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा एवढीच, की एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. हे कलम भाडेकरूसाठी आहे. लायसन्सवर राहणाऱ्याने करारनाम्यात काय लिहिलंय ते आधी बघावं. पण लेखी कळवायची सवय दोघांनाही कामाची.

हिशोब

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ चं तत्त्व असं, की करार मोडल्यामुळे जे नुकसान झालं त्याची भरपाई मिळते, कमाई नाही. करारनाम्यात "काही मोडल्यास डिपॉझिट जप्त" असं लिहिलं असलं, तरी कलम ७४ प्रमाणे मिळते ती लिहिलेल्या रकमेच्या आतली रास्त भरपाई.

त्यामुळे आमचा हिशोब असा झाला. पाइप आणि टाइल ३,२०० रुपये, काच ४५० रुपये. ही दोन्ही कामं मुलांनी स्वतः माणूस बोलावून मुदतीत करून घेतली. काकूंचं छत २,५०० रुपये. बेसिन नवीन बसवून २,४०० रुपये, पण जुनं बेसिन आठ वर्षांचं, म्हणून निम्मे म्हणजे १,२०० रुपये. छत आणि बेसिन मिळून डिपॉझिटमधून कापले ३,७०० रुपये. ३१ जुलैला करार संपला तेव्हा पावत्यांसकट २१,३०० रुपये परत केले. मुलांचा एकूण खर्च ७,३५० रुपये, डोक्यावर २,४५०.

अडतीस हजारांवरून सात हजारांवर! आईचं नुकसान झालं का? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "भांडण झालं असतं तर पाइप ऑगस्टपर्यंत तशीच गळली असती." गिझर आणि बेडरूमची भिंत तिने ऑगस्टमध्ये स्वतःच्या खर्चाने करून घेतली.

आता आपलं

२०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू अधिनियमाचा मसुदा राज्यांसाठी काढला. त्याच्या परिशिष्टात कुठली दुरुस्ती कुणाची याची चक्क यादी आहे : पाइप बदलणं, वायरिंग, भिंतींचा रंग हे मालकाकडे, नळाचा वॉशर, स्विच, खिडकीची काच, गिझरची दुरुस्ती हे राहणाऱ्याकडे. त्या यादीप्रमाणे पाहिलं तर वॉशर मुलांकडे गेला असता! राज्याने स्वीकारल्याशिवाय तो मसुदा लागू होत नाही, पण करारनामा करताना अशी यादी शेवटी जोडून घ्यायला कुणाची हरकत नसते.

आणि फ्लॅटचंच कशाला? आपल्या हॉस्टेलवर दर जूनमध्ये हीच कथा होते. कपाटाची कडी आधीच तुटलेली होती की आपण तोडली, यावर रेक्टर सरांच्या केबिनबाहेर रांग लागते. सरांकडे रजिस्टर असतं, आपल्याकडे फक्त "सर, खरंच आम्ही नाही" एवढंच असतं. मी यंदा रूम ताब्यात घेतली त्याच दिवशी कॉट, टेबल, कपाट, खिडकी, पंखा, स्विचबोर्ड सगळ्याचे फोटो काढले, काय तुटलंय ते एका कागदावर लिहिलं आणि ऑफिसात देऊन पोच घेतली. क्लार्क काका म्हणाले, "अशी पोच मागणारी तू पहिलीच." माझ्या रूम पार्टनरला हा वेडेपणा वाटला. पण कपाटाची एक कडी आमच्या रूमलाही नाहीये, आणि ती नव्हतीच, हे आता कागदावर आहे.

भिंतीत ड्रिल मारायच्या आधी मात्र एकदा विचारा. नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली पाइप असायची शक्यता सगळ्यात जास्त. एवढं सिव्हिल सगळ्या ब्रँचेसना चालेल.